निरंक: महामार्गाच्या तक्त्यात न मोजलेली माणसं

सरकारी कचेरीत रोज वापरला जाणारा एक शब्द आहे, निरंक. वरच्या कार्यालयातून तक्ता येतो, त्यात रकाने असतात. एखाद्या रकान्यात भरण्यासारखं काही नसलं की तिथे 'निरंक' लिहायचं आणि तक्ता वर पाठवायचा. पडझड झालेली घरं: निरंक. प्रलंबित तक्रारी: निरंक.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे डेटाबेसच्या पहिल्या धड्यात शून्य आणि 'नल' यांतला फरक शिकवतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. दोन्ही एकत्र केले की बेरीज बरोबर दिसते आणि उत्तर चुकतं. 'निरंक' या शब्दात हे दोन्ही अर्थ एकाच पोत्यात भरलेले आहेत.

महामार्गासाठी जमीन घेतली जाते तेव्हा सरकार भरपूर मोजतं. गट नंबर, हेक्टर-आर, झाडं, विहिरी, वाटप झालेली रक्कम, ताबा मिळालेली लांबी. पण पुनर्वसनाच्या रकान्याशी आलं की 'निरंक' लिहिणं फार सोपं जातं. हे कुणा एका अधिकाऱ्याच्या आळसामुळे होत नाही. त्या तक्त्याचे रकाने दीडशे वर्षांत कुणी, कशासाठी आखले, याचा तो परिणाम आहे. हा इतिहास बुलढाणा जिल्ह्यातून पाहिला तर चांगला दिसतो, कारण रेल्वे, धरण, राष्ट्रीय महामार्ग आणि समृद्धी, सगळं या एका जिल्ह्यातून गेलेलं आहे.

कापूस आणि फुकटची जमीन

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कागदोपत्री मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. इंग्रजांना इथला कापूस हवा होता. भुसावळहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत १८६७ साली नागपूरला पोचली. खामगाव ही तेव्हाची मोठी कापूसपेठ, पण मुख्य मार्गापासून बाजूला. म्हणून जलंबहून खामगावपर्यंत छोटा फाटा टाकला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला.

या रेल्वेसाठी लागणाऱ्या जमिनीचा व्यवहार कसा होता? कंपनी खासगी, भांडवल विलायतेतलं, पण जमीन मिळवून द्यायची जबाबदारी सरकारची. सरकारने जमीन घ्यायची आणि कंपनीला ९९ वर्षांसाठी फुकट द्यायची, असा करार. म्हणजे शेतकऱ्यासमोर उभा राहणारा माणूस कलेक्टरचा, आणि जमिनीवर उभी राहणारी गाडी कंपनीची. आजच्या रस्त्यांच्या करारांशी ही मांडणी किती जुळते, ते पुढे दिसेल.

जमीन घ्यायला कायदा लागतो. बंगालमध्ये १८२४ चं एक रेग्युलेशन होतं. १८५७ साली कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकच कायदा झाला, १८७० साली तो सुधारला, आणि १८९४ साली जो भूसंपादन कायदा आला तो पुढे ११९ वर्षं टिकला. इंग्रज गेले, वऱ्हाड मध्य प्रांतातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आला, कायदा तोच राहिला.

१८९४ चा साचा

त्या कायद्याचं काम एखाद्या प्रोग्रामसारखं सरळ रेषेत चालायचं. कलम ४: सरकारचा इरादा राजपत्रात. कलम ६: जमीन सार्वजनिक कामासाठी हवी असल्याची घोषणा, आणि ही घोषणा हाच त्याचा निर्णायक पुरावा. कलम ९: नोटीस. कलम ११: निवाडा. कलम १६: ताबा. घाई असेल तर कलम १७, म्हणजे मधल्या पायऱ्या गाळा.

बाजारभाव द्यायचा, आणि सक्तीने घेतोय म्हणून त्यावर १५ टक्के जादा. या जादा रकमेला दिलासा रक्कम म्हणतात. १९८४ साली ती ३० टक्के झाली. 'मला जमीन द्यायची नाही' असं म्हणण्याची सोयच मूळ कायद्यात नव्हती. भांडण फक्त किमतीचं. हरकतीची सुनावणी देणारं कलम ५-अ आलं ते १९२३ साली. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह चालू होता. तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं किमतीपुरतं नव्हतं, त्यांना जमीनच द्यायची नव्हती. कायद्याच्या साच्यात या वाक्याला जागा नव्हती.

त्या साच्यात माणूस येतो तो फक्त 'हितसंबंधित व्यक्ती' म्हणून. ज्याचा मोबदल्यावर कागदाने सिद्ध होणारा हक्क आहे, तो. मालक यात बसतो. खंडाने करणारा कागद असेल तर बसतो. सालगडी बसत नाही, निंदणीला जाणारी बाई बसत नाही. जो मोबदल्याला पात्र नाही त्याचं नुकसान मोजायला तक्ताच नाही.

धरणात गाव बुडतं, रस्त्यात वावर तुटतं

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात विस्थापनाची चर्चा झाली ती धरणांमुळे. धरणात गाव अख्खं बुडतं. देऊळ, शाळा, स्मशान, सगळं. त्यामुळे प्रश्न लपत नाही. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला, पुढे १९८६ आणि १९९९ साली तो नव्याने आणला. नवीन गावठाण, तिथे रस्ते, पाणी, शाळा, लाभक्षेत्रात पर्यायी जमीन, हे शब्द त्यातून आले. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पामुळे नांदुरा भागातल्या माणसांना हे शब्द तोंडपाठ आहेत.

रस्त्याचा मामला वेगळा. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा रस्तेविकासाचा आराखडा केला. तो 'नागपूर प्लॅन' म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गावरस्ते ही वर्गवारी तिथली. मग १९५५ चा राज्याचा महामार्ग कायदा आणि १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला. मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, हा बराच काळ आहे त्या रस्त्याला थोडं थोडं रुंद करत वाढला. कुणाची पडवी गेली, कुणाचं दुकान मागे सरकलं.

रस्त्यासाठी जमीन पट्ट्याने जाते. शेकडो गावांतून जाणारी एक लांब, चिंचोळी पट्टी. एका गावाचे चाळीस एकर, दुसऱ्याचे साठ. गावठाण सहसा चुकवलेलं असतं. म्हणून एकही गाव 'विस्थापित' होत नाही आणि पुनर्वसनाचा रकाना निरंक राहतो.

पण वावर मधून कापलं गेलं की काय होतं ते वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. विहीर एका बाजूला, कपाशी दुसऱ्या बाजूला. पाइपलाइन तुटली. पांदण रस्ता महामार्गाला जाऊन भिडला आणि तिथेच संपला, आता बैलगाडीला खालच्या बोगद्यातून वळसा. पाच एकरांतला दीड एकर गेला, त्याचे पैसे मिळाले. उरलेल्या साडेतीनचे दोन तुकडे झाले, त्यातला एक त्रिकोणी, ज्यात ट्रॅक्टर नीट वळत नाही. अशा तुटीची भरपाई मागता येते, जुन्या कायद्यातही येत होती. पण ती मागावी लागते, सिद्ध करावी लागते. मोजणीच्या नकाशात घेतलेली जमीन रंगवलेली असते, उरलेली पांढरी.

२०१३: रकाना वाढला, कागद मिळेना

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्याच्या नावातच 'वाजवी भरपाई', 'पारदर्शकता' आणि 'पुनर्वसन' हे शब्द आहेत. दिलासा रक्कम ३० वरून १०० टक्के झाली. ग्रामीण भागासाठी बाजारभावाला एक ते दोनपर्यंतचा गुणांक. जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, त्याची जनसुनावणी, आणि अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत.

सगळ्यात मोठा बदल 'बाधित कुटुंब' या व्याख्येत होता. ज्यांच्या नावावर जमीन नाही, पण संपादनाच्या आधीची तीन वर्षं ज्यांचं पोट त्याच जमिनीवर होतं, असे शेतमजूर, कुळं, बटईदार, कारागीर, हे सगळे बाधित. १८९४ च्या तक्त्यात नसलेला रकाना अखेर आखला गेला.

आता तो भरायचा कसा? इथे आपल्याकडचा एक जुना पेच आडवा येतो. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा. कसेल त्याची जमीन, हे त्याचं तत्त्व. चांगलं तत्त्व. पण त्याचा धसका असा की मक्त्याने किंवा बटईने वावर देणारा मालक आजही करार तोंडीच करतो. पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव लागू नये याची तो काळजी घेतो. नाव लागलं तर उद्या तो हक्क सांगेल ही भीती. म्हणजे ज्या माणसाला २०१३ चा कायदा म्हणतो 'तीन वर्षांचा पुरावा दाखव', त्याच्याकडे पुरावा नसावा अशीच सगळी व्यवस्था साठ वर्षं चालत आलेली. एका कायद्याने दिलेल्या संरक्षणाच्या भीतीने दुसऱ्या कायद्याचा रकाना रिकामा राहतो.

शिवाय महामार्गांना मागचं दारही होतं. या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तेरा जुने कायदे आहेत ज्यांना तो थेट लागू नाही, आणि राष्ट्रीय महामार्ग कायदा त्यातलाच एक. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्राने आदेश काढून भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी या तेरांनाही लागू केल्या. सामाजिक परिणामांचा अभ्यास मात्र लागू झाला नाही. महाराष्ट्राने २०१८ साली स्वतःची दुरुस्ती करून राज्याच्या महामार्ग कायद्याखालच्या संपादनालाही तशीच वाट करून दिली. पैशाचा भाग आला, मोजण्याचा भाग गळला. त्या अभ्यासातच तर बटईदार आणि मजूर मोजले जाणार होते.

समृद्धी: पाचपट कुठून आले

नागपूर-मुंबई शीघ्रसंचार महामार्गाची घोषणा २०१५ ची. लांबी ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावं. बुलढाणा जिल्ह्यातली लांबी सुमारे ८७ किलोमीटर, मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून. रुंदी १२० मीटर धरली तर साधा गुणाकार सांगतो की फक्त या जिल्ह्यातून हजार हेक्टरांहून जास्त जमीन लागली. एवढ्या लांब, नव्याकोऱ्या मार्गासाठी इतक्या झपाट्याने जमीन मिळवणं राज्यात आधी झालं नव्हतं.

सुरुवातीला सरकारने भूसंचयनाची कल्पना मांडली होती. जमीन द्या, त्या बदल्यात महामार्गालगतच्या नव्या नगरांत पंचवीस ते तीस टक्के विकसित भूखंड घ्या, आणि दहा वर्षं वार्षिक रक्कम. मेहकरकडचं साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजाकडचं सावरगाव माळ ही अशा नियोजित कृषी समृद्धी केंद्रांची नावं. शेतकऱ्यांनी भूखंडाच्या आश्वासनापेक्षा रोकड पसंत केली. सिन्नर, शहापूर भागात कडवा विरोध झाला. शेवटी २०१७ साली थेट खरेदीचा मार्ग पुढे आला आणि 'पाचपट' हा शब्द चावडीवर पोचला.

पाचपटचा हिशोब सोपा आहे. बाजारभाव एक. गुणांक दोन, म्हणून दोन. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणून चार. संमतीने खरेदीखत करून दिलं तर त्यावर आणखी २५ टक्के, म्हणून पाच. सही नाही केली तर सक्तीचं संपादन, आणि मग चारच. म्हणजे पाचवा भाग हा खरं तर सहीचा भाव होता.

अनेकांचं भलं झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोरडवाहू भागात आयुष्यात न पाहिलेली रक्कम एकरकमी हातात आली. कुणी दुसरीकडे जास्त जमीन घेतली, कुणी कर्ज फेडलं, कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी घर बांधलं. पण पाचपट कशाच्या, हा प्रश्न उरतोच. मुद्रांक वाचवायला खरेदीखतात कमी किंमत दाखवायची सवय आपल्याच समाजाची. मग तीन वर्षांच्या खरेदीखतांची सरासरी काढली की ती खालीच येणार. आणि पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला. वडील गेल्यावर भावांच्या नावे फेरफार झाला आणि बहिणींची नावं हक्कसोडपत्राने कमी झाली, अशा घरांत बहिणीचा वाटा तेव्हाच मिटला होता. रस्त्याने त्यावर डांबर टाकलं.

आता मूळ मुद्दा. संपादनात एक 'बाधित' असतो. खरेदीखतात असतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. व्यवहार संमतीचा, दोन पक्षांचा, दुय्यम निबंधकासमोरचा. मक्त्याने तेच वावर करणाऱ्या तिसऱ्या माणसाला त्यात उभं राहायला जागाच नाही. सक्ती टळली, ही चांगली गोष्ट. पण त्याबरोबर मोजणीही टळली.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा. मधल्या काळात बाहेरच्या जगाला बुलढाण्याचा हा भाग कळला तो १ जुलै २०२३ च्या पहाटे, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटून प्रवासी होरपळले तेव्हा. वेग आणि अपघात, या दोनच कारणांनी रस्ता बातमीत येतो.

अहवाल कुणासाठी लिहितात

राष्ट्रीय महामार्गांच्या प्रगती अहवालात एक आकडा कायम दिसतो: अडथळा नसलेल्या लांबीची टक्केवारी. हा आकडा येतो कंत्राटातून. खासगी भागीदारीच्या करारांत काम सुरू होण्याच्या दिवशी साधारण ८० टक्के लांबीचा ताबा कंत्राटदाराला द्यावा लागतो. नाही दिला तर प्राधिकरणावर भरपाईची पाळी. म्हणून तो आकडा दर महिन्याला कसोशीने मोजला जातो. शेतकऱ्याच्या उरलेल्या तुकड्याला वाट मिळाली का, हे न मोजल्याने कुठल्याच कराराचा भंग होत नाही. १८६० च्या दशकातल्या रेल्वे करारापासून हे असंच आहे. जमीन मिळवून देण्याची हमी कंपनीला दिलेली असते, म्हणून हिशोबही तिलाच दिला जातो.

२०१८ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या अधिसूचना 'भूमी राशी' या संगणकीय प्रणालीतून निघतात. पूर्वी फाइल फिरायला महिने जायचे, आता काही दिवसांत राजपत्र. माझ्या पेशाचा माणूस म्हणून मला याचं कौतुक आहे. पण यंत्रणा ज्या रकान्यांवर बांधली, तेच रकाने तिने वेगवान केले. जो रकाना कागदावर नव्हता, तो स्क्रीनवरही आला नाही.

न मोजलेलं कायमचं गाडलं जात नाही, याचं एक उदाहरण आहे. १९९७ साली राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३-जे घातलं गेलं. त्याने १८९४ चा कायदा या संपादनांना लागू नाही असं ठरवलं, म्हणजे दिलासा रक्कम आणि व्याज गेलं. धरणाला जमीन दिली तर ३० टक्के जादा, महामार्गाला दिली तर नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग खटल्यात हे कलम समानतेच्या विरोधात ठरवलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की या निकालाचा लाभ मागच्या संपादनांनाही आहे. अठरा वर्षं, १९९७ ते २०१५, देशभर हा रकाना रिकामा ठेवला गेला होता. सरकारला त्याचा एकत्रित हिशोब तेव्हाच करावा लागला जेव्हा तो कोर्टात सांगायची वेळ आली.

उलट दिशेचं उदाहरण घरचंच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने राष्ट्रीय महामार्गांसाठीचा ग्रामीण गुणांक दोनवरून एक केला. वरचा हिशोब पुन्हा मांडून बघा. चारपटीचे थेट दोनपट. एकाच तालुक्यात, एकाच मातीच्या, दोन वेगळ्या रस्त्यांत गेलेल्या दोन वावरांच्या मोबदल्यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो तो इथून.

पुढची अधिसूचना

जिल्ह्यात रस्ते येतच राहणार. सिंदखेडराजा ते शेगाव या सुमारे १०९ किलोमीटरच्या प्रस्तावित भक्ती महामार्गाला चिखली भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न दराचा नव्हता. दोन्ही गावांना जोडणारे रस्ते आधीच असताना हा नवा कशाला, असं ते विचारत होते. शंभर वर्षांपूर्वी मुळशीत विचारलेल्या प्रश्नाचाच हा भाऊबंद.

तुमच्या गावाचं नाव कधी वर्तमानपत्रातल्या त्या बारीक अक्षरांच्या तक्त्यात आलं, तर दोन तारखा लक्षात ठेवा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर कलम ३-अ च्या अधिसूचनेपासून हरकतीला २१ दिवस. आणि एका वर्षात ३-डी ची घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना रद्द होते. २१ दिवसांत हरकत लिहाल तेव्हा तुमच्या गट नंबरावर थांबू नका. विहीर, पाइपलाइन, पांदण, उरणारा तुकडा, सगळं लिहा. वावर कुणी मक्त्याने करत असेल तर त्याचं नावही लिहा. मालकाला त्याची भीती वाटेल, घरात त्यावरून भांडणही होईल. पण त्या माणसाची तीन वर्षं कुठल्यातरी सरकारी आवक नंबराखाली नोंदली जातील, आणि मग निदान त्याच्या नावापुढे 'निरंक' लिहिताना कुणाला तरी थांबावं लागेल.